ईईजीत ‘बीटा जास्त’ आलं म्हणजे टेन्शन नव्हे

ताई, बाबांच्या ईईजी रिपोर्टमध्ये (मेंदूतल्या विजेच्या नोंदीत) ‘बीटा जास्त’, म्हणजे वेगवान लहरी जास्त, असं आलंय, ते रोज रात्री झोपेची गोळी घेतात, आणि बीटा म्हणजे टेन्शन असं कुणीतरी सांगितल्यामुळे तुम्ही बीटा मोजणारा डोक्याचा पट्टा घेणार आहात. पट्ट्याची घाई करू नका. ठाण्यात १८ वर्षं ईईजी काढतोय, त्यावरून सांगतो.

आधी गोळीचं. झोपेच्या बऱ्याच गोळ्या बेंझोडायझेपिन गटातल्या असतात आणि त्यांनी ईईजीत बीटा वाढलेला दिसतो. म्हणून तर आम्ही इलेक्ट्रोड लावण्याआधी औषधं विचारतो. न्यूरोलॉजिस्टकडे जाताना गोळीची स्ट्रिप सोबत न्या. पण गोळी मनाने बंद करू नका. ही औषधं एकदम थांबवली तर फिट येऊ शकते.

मग जबडा. बीटा म्हणजे साधारण १३ ते ३० हर्ट्झच्या, सेकंदाला तितक्या वेळा उठणाऱ्या लहरी, आणि चेहऱ्याच्या स्नायूंची वीज नेमकी तिथेच घुसते. परवा एक आजोबा दात आवळून पडले होते. कानशिलाजवळच्या चॅनेलवर नुसतं काळं गिचमिड. “तोंड किंचित उघडं ठेवा, जबडा सैल सोडा,” म्हटलं, आणि दोन-तीन श्वासांत रेघा स्वच्छ झाल्या. कपाळावर बसणाऱ्या पट्ट्याला तर आठी पडली तरी ‘बीटा’ दिसेल.

बीटा हे नाव हान्स बर्गरचं. माणसाचा पहिला ईईजी त्याने १९२४ साली जर्मनीत येना इथे घेतला आणि १९२९ साली छापला. पण मला बीटाचं खरं मोल वाटतं ते हालचालीच्या संशोधनात. १९४९ साली जॅस्पर आणि पेनफिल्ड या मेंदूतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेत उघड्या मेंदूवरून नोंद घेतली, तेव्हा हात हलवताना हालचालीच्या भागातला बीटा दबताना दिसला. माजिवड्याच्या सिग्नलला स्कूटरचं हँडल घट्ट धरून थांबलात की तिथे बीटा टिकून असतो; अॅक्सिलरेटर पिळायच्या जरा आधीच तो उतरतो, आणि हात थांबला की पूर्वीपेक्षाही वर उसळतो. ‘आहे तसं धरून ठेव’ असा तो निरोप असावा, असं बरेच संशोधक मानतात.

पार्किन्सनमध्ये हा निरोप सुटतच नाही. मेंदूत खोलवर, सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये, बीटाचे झटके लांबतात आणि हालचाल जखडते. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाने तो बीटा कमी होतो, डीप ब्रेन स्टिम्युलेशननेही, म्हणजे मेंदूत खोलवर तार बसवून करंट दिल्यानेही. आता बीटा चढला की करंट वाढवणारी आणि उतरला की कमी करणारी यंत्रंही आली आहेत. मात्र हा खोलातला बीटा आपल्या साध्या ईईजीत वाचता येत नाही, तेव्हा बाबांच्या रिपोर्टवरून पार्किन्सनची शंकाही मनात आणू नका.

गोळीचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे, तेवढं कळवा.