स्क्रोल सॉवर एखादी वस्तू पूर्ण व्हायला किती वेळ लागतो?

तुम्ही विचारलंय की स्क्रोल सॉ (ताणलेली बारीक दातेरी पट्टी वर-खाली चालवून लाकडात नक्षी कापणारी यंत्राची करवत) घेतली तर नावाची पाटी, गणपतीचं मखर अशा वस्तूंना किती वेळ धरायचा आणि गिऱ्हाइकाला तारीख काय द्यायची. मी कुडाळला हेच काम करतो. वस्तू केवढी आहे ते बघू नका, तिच्यात आतली भोकं किती आहेत ते मोजा.

बाहेरची कड पटकन होते. ६ मिलिमीटर प्लायमधला साधा मासा दहा मिनिटांत सुटतो. आतली प्रत्येक जागा मात्र वेगळं काम असतं. आधी ड्रिलने भोक पाडायचं, मग ताण सैल करून पट्टी एका टोकाला सोडवायची, भोकातून ओवायची, पुन्हा अडकवून ताण द्यायचा. ताण बोटाने छेडून बघा, पट्टी टणकन वाजली पाहिजे. ढिली राहिली तर वळणावर काप तिरका जातो. सरावलेल्या हातालासुद्धा यात दीड मिनिट धरा. म्हणजे २०० भोकांच्या जाळीत ५ तास नुसते पट्टी ओवण्यात गेले, कापायचा वेळ वेगळाच.

नावाच्या पाटीत आपली लिपी फार मदत करते. शिरोरेषेमुळे अख्खं नाव एकसंध निघतं आणि अक्षरांमधली जागा खालून उघडी असल्यामुळे पट्टी बाहेरूनच आत जाते. ‘सावंत’ घ्या: आतून कापायचं ते ‘स’ आणि ‘व’ यांच्या पोटात, बस्स. राहिला अनुस्वार. तो सुटून पडतो, म्हणून चित्र काढतानाच शिरोरेषेला टेकवायचा. अशी पाटी तासाभरात कापून होते.

लाकडाचाही फरक पडतो. सागात सिलिका असते, त्यामुळे पट्टी लवकर बोथट होते, प्लायमधला गोंदही तेच करतो. बोथट पट्टीवर जोर लावला की कड करपते आणि ती घासण्यात वेळ जातो, म्हणून पट्टी बदलायला कंजूषपणा करू नका. नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवलीत तर करपणं बरंच कमी होतं. सारख्या वस्तू हव्या असतील तर दोन-तीन पातळ प्लाय एकावर एक टेपने बांधून एकदम कापा.

कापून झालं म्हणजे झालं असं नवीन माणसाला वाटतं, आणि तारीख तिथेच चुकते. खालच्या बाजूला कुसं निघालेली असतात. ती प्रत्येक भोकातून बारीक कानशीने, नाहीतर काचपेपरची गुंडाळी करून काढावी लागतात. नाजूक जाळीला कापण्याइतकाच वेळ इथे लागतो, आणि घाईत नेमकी बारीक काडी मोडते. त्यानंतर पॉलिशचे हात, आणि दोन हातांमध्ये वाळण.

इथे कोकणातल्या पावसाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं आणि तेलाचा हात दिवस दिवस चिकट राहतो. वरून लाइट जाते ती वेगळी. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत हातावेगळी होणारी पाटी पावसात मागायला आले तर मी आठवडा मागून घेतो.

मखराची अडचण हीच, मागणी ऐन पावसातली. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून प्लायच्या मखराची चौकशी माझ्याकडे वाढली आहे. मी जाळीचे भाग मे महिन्यातच कापून, पॉलिशचा पहिला हात देऊन कोरड्या जागी ठेवतो. पावसात फक्त जोडणी आणि शेवटचा हात. आषाढात कोणी आलं तर त्यांना कमी भोकांची, मोठ्या कमानींची नक्षी दाखवा. दाट जाळीच हवी असेल तर पुढच्या वर्षाचं काम म्हणून घ्या आणि तसं आधीच सांगा.