नुसती पुनरावृत्ती म्हणजे लय का?

एकच आकार पुन्हा पुन्हा काढला की चित्रात लय येते का, असं तुम्ही तुमच्या पोस्टरच्या निमित्ताने विचारलंय. माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. पुनरावृत्तीतून फक्त कच्चा माल मिळतो. दोन आकारांमध्ये किती जागा सोडायची आणि नजरेला सवय झाली की नेमकं काय बदलायचं, हे ठरवल्यावर लय येते.

पुस्तकातल्या आकृत्या बाजूला ठेवा आणि कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे कातळात कोरलेलं, आत स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, पाहून या. एकवीरेच्या देवळाला लागूनच आहे, पण कित्येक जण दर्शन घेऊन तसेच खाली उतरतात, याची मला खरंच हळहळ वाटते. आत दोन्ही बाजूंना 15-15 खांबांची रांग आहे. प्रत्येकाच्या तळाशी घट, वर अष्टकोनी दंड, माथ्यावर बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार. खांब इतके दाट आहेत की नजर मध्ये कुठे रेंगाळत नाही, थेट स्तूपाकडे जाते. सावकाश वर पाहिलं की कळतं, स्वार सगळीकडे सारखे नाहीत. बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष आहेत, काही ठिकाणी दोघी स्त्रिया. छताला लाकडी कमानी आहेत. छत अखंड कातळाचं, त्यामुळे त्यांना भार पेलायचा नाही, तरी कोरणाऱ्यांना त्या हव्या होत्या.

आणि स्तूपामागचे 7 खांब! साधे अष्टकोनी, ना घट ना हत्ती. मला हा त्या लेण्यातला सर्वांत धीट निर्णय वाटतो. ओळ तुटत नाही, पण सजावट थांबते आणि स्तूप एकटा उठून दिसतो.

जवळच्या भाज्याला त्याहून जुनं चैत्यगृह आहे. तिथले खांब सगळेच साधे, किंचित आत कललेले. तिथेही लय आहे, फक्त अंतरांची. म्हणजे नक्षी नसली तरी चालतं.

तुमच्या पोस्टरसाठी एक करून बघा. आकारांना हात न लावता त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा काळ्या करा. सगळ्या सारख्या असतील तर रचना संथ वाटेल. त्या एका दिशेने हळूहळू अरुंद करत नेल्या की नजर वेग घेईल. मग मुख्य मजकुराच्या आसपासचे दोन-तीन आकार साधे ठेवा.