गोळ्या वाटल्या, पण घेतल्या का?

पोषणाची धोरणं विचारपूर्वक आखूनही अमलात येताना का कोलमडतात, पैसा कमी पडतो की इच्छाशक्ती, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही कमी पडतात. पण मी आधी वेगळं बघतो: हे जमायला किती माणसांनी, किती वेळा, काय करावं लागणार आहे?

मिठात आयोडीन मिसळायचं काम उत्पादकांचं. खाणाऱ्याला काहीच बदलावं लागत नाही. स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये सुरुवात केली आणि तिथला गलगंड ओसरत गेला. (तपासणी तरीही हवीच. दमट जागी उघडं राहिलेल्या मिठातलं आयोडीन कमी होतं.)

याउलट गरोदरपणातली लोहाची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, तेही कित्येक महिने. गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. 'काळं होणारच, घाबरू नका' एवढं आधी कुणी सांगितलं नाही, तर चार दिवसांत गोळ्या बंद होतात. सांगायचं ते आरोग्यसेविकेने. लसीकरण, वजनं, कुपोषण ओळखायला मुलांच्या दंडाचा घेर मोजणं, नोंदवह्या आणि वर मोबाइलवरचं ॲप, हेही सगळं तिच्याच गळ्यात. तिने बोलायचं कधी? शिवाय अहवालात रकाना असतो वाटपाचा. पोटात किती गेल्या, ते कोण मोजणार? मग कागदावर उद्दिष्ट पूर्ण होतं, हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. ॲनिमियामागे जंत किंवा मलेरिया असेल तर नुसत्या गोळीने भागतही नाही, पण ते काम बहुधा दुसऱ्या विभागाकडे असतं.

करांचंही तेच: कुणाला काय बदलावं लागतं, यावर ठरतं. डेन्मार्कने २०११ मध्ये संपृक्त चरबीवर (लोणी, चीज, मांस यांत असते ती) कर लावला; लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करू लागले, उद्योगांनी ओरड केली आणि २०१३ उजाडताच कर गेला. ब्रिटनने गोड पेयांवरचा कर २०१६ मध्ये जाहीर केला, लावला २०१८ मध्ये. १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. मधल्या दोन वर्षांत कंपन्यांनी साखर घटवली. त्यांना पळवाट हवी होती, सरकारने सोयीची वाट ठेवली. मला हा मसुदा हुशारीचा वाटतो.

तुमच्या हाती एखादा मसुदा आला तर नवं काम कुणाच्या अंगावर पडतंय ते शोधा आणि त्या बदल्यात त्याचं जुनं कोणतं काम काढलंय, ते विचारा. या दुसऱ्या प्रश्नावर बैठकीत बहुतेक वेळा विषयच बदलला जातो.