वाचकांचे प्रश्न : ब्रूस ली, कॅमेरा आणि कंबर

प्रश्न : ब्रूस ली आधी कुंग फू शिकला आणि मग नट झाला, हे बरोबर आहे ना?

उत्तर : नाही, क्रम उलटा आहे. त्याचे वडील ली होई-च्युएन हे कँटोनीज संगीत नाटकातले नट. त्यांचा अमेरिकेत दौरा चालू असताना २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूसचा जन्म झाला आणि तान्हा असतानाच तो पडद्यावर दिसला. पुढे हाँगकाँगमध्ये वाढताना त्याने बालनट म्हणून बरेच चित्रपट केले. विंग चुन ही कुंग फूची शैली शिकायला इप मान या गुरूंकडे तो गेला तो किशोरवयात. १९५८ साली त्याने चा-चा नृत्याची स्पर्धाही जिंकली, आणि आमच्या मते त्याच्या पदन्यासात ते नृत्य शेवटपर्यंत दिसतं. त्यामुळे १९६४ मध्ये लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत प्रात्यक्षिक देऊन त्याने हॉलिवूडचं लक्ष वेधलं, तेव्हा तो नवखा नव्हता. कॅमेऱ्यासमोर उभं कसं राहायचं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

प्रश्न : आमची मारामारी मोबाइलवर चित्रित केली की लाथा धूसर दिसतात आणि ठोसे खोटे वाटतात. काय चुकतं?

उत्तर : ‘द ग्रीन हॉर्नेट’ (१९६६-६७) या मालिकेत केटो या पात्राचं काम करताना ब्रूस लीलाही हालचाली थोड्या संथ करायला सांगितलं होतं. कारण साधं आहे. सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं) असतील तर एकेक फ्रेम साधारण १/४८ सेकंद उघडी राहते. एक दशांश सेकंदात संपणाऱ्या लाथेला जेमतेम दोन-तीन फ्रेम मिळतात, आणि त्यातही पाय पुसट येतो. मोबाइलमध्ये ५० किंवा ६० फ्रेम निवडा आणि भरपूर उजेडात चित्रण करा. पण त्याहून जास्त फरक पडतो तो थांबण्याने. फटक्याआधी क्षणभर स्थिर राहा आणि फटका संपल्यावर पाय तिथेच किंचित धरून ठेवा. ब्रूस लीची मारामारी पाहा, आधी पूर्ण शांतता, मग एकच वार, मग पुन्हा शांतता. डोळ्यांना वार कळतो तो त्या दोन शांततांमुळे.

ठोसा खोटा वाटतो तो बहुतेक वेळा कॅमेरा बाजूला असल्यामुळे. मूठ आणि चेहरा यांच्यात १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवायचंच, पण ते लपायला कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे हवा. तिथून मूठ चेहऱ्यावरून आडवी गेली की लागल्यासारखीच दिसते. मार खाणाऱ्याने मान वळवायची ती मूठ चेहऱ्यासमोर आल्यावर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात : माणूस भीतीने आधीच मान फिरवतो आणि सगळं उघडं पडतं. म्हणून आधी निम्म्या वेगाने, एकमेकांच्या डोळ्यांत बघत दहा-बारा वेळा सराव करा.

प्रश्न : ब्रूस लीची कंबर व्यायामाने दुखावली होती, हे खरं का?

उत्तर : हो. ऑगस्ट १९७० मध्ये त्याने वॉर्मअप न करता ‘गुड मॉर्निंग’ हा व्यायाम केला. खांद्यावर बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेली दांडी) घेऊन कमरेतून पुढे वाकायचं, असा तो व्यायाम. बारबेल १२५ पौंडांची, म्हणजे सुमारे ५७ किलोची होती, जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतकी. त्रिकास्थीतला (पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या हाडातला) चौथा मज्जातंतू दुखावला. पुन्हा लाथ मारता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याला कित्येक महिने पडून राहावं लागलं.

या व्यायामात वजनापेक्षा घात करते ती वाकण्याची पद्धत. गुडघे किंचित सैल ठेवून नितंब मागे न्यायचे, पाठ सरळ ठेवायची आणि ती गोल होऊ लागण्याआधीच थांबायचं. नवशिक्याने रिकामी काठी घेऊनच सुरुवात करावी. आणि सकाळी उठल्या उठल्या तर मुळीच करू नये, कारण तेव्हा मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो.

‘द बिग बॉस’ या त्याच्या चित्रपटाचं थायलंडमधलं चित्रीकरण १९७१ च्या उन्हाळ्यात सुरू झालं, म्हणजे दुखापतीनंतर वर्षभराच्या आतच. पडद्यावरच्या ज्या लाथांनी तो जगभर ओळखला गेला, त्या सगळ्या या दुखऱ्या कंबरेनिशी मारलेल्या आहेत.