नेटहॅक सुरू करतोयस? मग हे वाच

ग्राफिक्स बघून नाक मुरडू नकोस. १९८७ सालचा भुयारात भटकायचा गेम आहे, स्क्रीनवर सगळं अक्षरं-चिन्हांनीच दाखवतात, @ म्हणजे तू. फुकट आहे, आणि तू चाल केल्याशिवाय राक्षसही हलत नाही, त्यामुळे विरार लोकलमध्ये उभ्याउभ्याही खेळता येतो. पण कमांड इतक्या आहेत की शिकताना घरी कीबोर्डच घे.

खरी मजा वस्तूंच्या वागण्यात. कॉकॅट्रिस ही स्पर्शाने दगड करणारी राक्षसीण; तिला उघड्या हाताने मारलंस की तू दगड. तेच, हातमोजे घालून तिचं मढं हत्यारासारखं धरून मारलंस तर समोरचा दगड! (ओझं जास्त असताना ते घेऊन जिना उतरू नकोस. घसरून ते अंगाला लागलं की संपलं.)

आता खोट. गेम काहीच सांगत नाही. निळ्या फ्लोटिंग आयला (तरंगता डोळा, हाही एक राक्षस) जवळून मारलंस की लकवा भरतो, मग कोणीही येऊन टपली मारून जातं. मेलास की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे विकी वाच, त्यात लाज कसली? शेवटाकडचे गेहेनॉमचे (म्हणजे गेममधल्या नरकाचे) चक्रव्यूह तर चक्क कंटाळवाणे आहेत, माझ्या मते.

पहिल्यांदा पात्र निवडताना व्हॅल्कीरी (लढवय्यी बाई) घे. जीव पूर्ण जीवाच्या एक सप्तमांशाच्या खाली गेला की प्रार्थना कर, पण नंतर साधारण हजार चाली देवाला त्रास देऊ नकोस.