तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : नातवाचा व्हायरल लोड वाढला

प्रश्न : माझा नातू १७ वर्षांचा आहे. आईवडील नाहीत. लहानपणापासून एचआयव्हीची औषधं चालू आहेत, रिपोर्ट कायम चांगला यायचा. जूनपासून तो चिपळूणला हॉस्टेलवर राहतो. परवा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) ६,४०० आला. औषध लागू पडेनासं झालं का? आता महागडी औषधं घ्यावी लागतील का? (एक आजी, गुहागर तालुका)

उत्तर : आजी, औषधाला दोष देण्याआधी त्या जून महिन्याकडे, हॉस्टेलकडे बघा. लोड हजाराच्या वर गेला की एआरटी केंद्रवाले (एचआयव्हीची औषधं देणारे) लगेच गोळी बदलत नाहीत. सुमारे तीन महिने समुपदेशन करतात, गोळ्या नीट सुरू ठेवायला लावतात आणि मग पुन्हा रक्त तपासतात. गोळ्याच चुकत असतील, तर बहुतेकांचा लोड तेवढ्यात खाली येतो आणि आहे तीच गोळी पुढे चालते. नाहीच आला, तर पुढच्या फळीची औषधं आहेत. सरकारी एआरटी केंद्रात तीही मोफतच मिळतात.

या वयात औषध लागू न पडण्यापेक्षा ते पोटात न जाणं हेच कारण जास्त वेळा निघतं. चार पोरांची खोली, त्यात बाटली खुळखुळते, रात्री नऊला सगळे जागे. पोरगा ‘नंतर घेतो’ म्हणतो आणि झोपून जातो. रात्रीची वेळ बहुधा जुन्या गोळीपासून चालत आली असेल. तिने गरगरायचं, म्हणून ती झोपताना देत. हल्लीची टीएलडी (टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर) दिवसातून एकदा, कधीही, जेवून किंवा उपाशीपोटी चालते. केंद्रात विचारून सकाळची वेळ ठरवा, आंघोळीला जातानाची. बाटलीत थोडा कापूस कोंबला की आवाज येत नाही. ओल शोषणारी पुडी मात्र आतच राहू द्या.

गोळ्यांचा हिशेब सोपा आहे. १ तारखेला ३० गोळ्यांची बाटली उघडली, तर २६ला सकाळची गोळी घेण्याआधी ५ उरायला हव्यात. १२ उरल्या असतील तर ७ चुकल्या. पण हे त्याच्यासमोर मोजा, आणि न ओरडता. पाठीमागे मोजलंत तर पुढच्या खेपेला तो गोळ्या बेसिनमध्ये टाकून आकडा जुळवून देईल.

पित्ताचं पातळ औषध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेतो का, हेही विचारा. ती डोल्युटेग्राविरला आतड्यात अडवतात. म्हणून आपली गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम-लोह जेवणासोबत असेल तर एकत्र चालतं, पित्ताचं औषध नाही. कॉलेजात आठवड्याला मिळणाऱ्या एका लोहाच्या गोळीने मात्र लोड एवढा चढत नाही.

आणि एक विचारतो : गोळी कशाची आहे, हे त्याला ठाऊक आहे का? ‘रक्त वाढायची’ म्हणून सांगितलेली गोळी सतराव्या वर्षी कोण घेणार? सांगितलं नसेल तर समुपदेशकाला सोबत घेऊन सांगा. खरं तर हे शाळेच्या वयातच व्हायला हवं होतं. हॉस्टेलला कळवण्याची सक्ती नाही. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय कुणी ही माहिती फोडू शकत नाही, या कारणावरून प्रवेशही नाकारू शकत नाही.

प्रश्न : वय २२, हर्णैला ट्रॉलरवर खलाशी आहे. आठ-दहा दिवस बोट बाहेर असते. एचआयव्हीच्या गोळ्या चुकतात, कधी दारू झाली तर मुद्दाम टाळतो. (नाव नको)

उत्तर : दारूमुळे गोळी टाळू नका. दारू वाईटच, पण या गोळीशी तिचं भांडण नाही. चुकलेली गोळी जास्त महागात पडते. आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडा, दोन एकदम घेऊ नका.

बोटीवर मूळ बाटलीच न्या, झाकण घट्ट लावा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. गोळ्या कागदात बांधून खिशात ठेवल्यात तर खारट ओल लागते. वारा फिरला की बोट दुसऱ्याच बंदरात लागते, म्हणून आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या जवळ हव्यात. तब्येत आणि लोड ठीक असेल तर तीन महिन्यांची औषधं एकदम मागता येतात. गोवा-गुजरातेत अडकलात तर आपल्या केंद्राला किंवा १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा आणि केंद्राचं उपचाराचं पुस्तक दाखवून जवळच्या केंद्रात मधल्या दिवसांच्या गोळ्या मागा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वर्षाची लोड तपासणी त्या दोन महिन्यांत बसवून घ्या.

खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, यांतलं एकही असेल तर लगेच टीबीची तपासणी करा. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्राविरचा जोर कमी करतं, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. ती टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची असते. टीबीच्या आणि एआरटीच्या, दोन्ही खिडक्यांवर दोन्ही औषधांची नावं सांगा.