फलकनुमा, ताज कृष्णा, काकतीय की कोहेनूर: आई-वडिलांना हैदराबादेत कुठं उतरवावं?

तुमच्या आई-वडिलांच्या लग्नाला 50 वर्षं होताहेत, त्यांना नांदेडहून दोन रात्रींसाठी हैदराबादला न्यायचंय आणि ताज फलकनुमा, ताज कृष्णा, आयटीसी काकतीय, आयटीसी कोहेनूर या चारपैकी कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: पहिली रात्र फलकनुमा, दुसरी काकतीय. दोन्ही रात्री फलकनुमात घालवू नका, आणि कोहेनूर या खेपेला सोडून द्या. मी माझ्या आई-आण्णांना देगलूरहून असंच नेलं होतं, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितोय.

आधी फलकनुमाबद्दल, कारण बाकीची तीन हॉटेलं आहेत आणि हा महाल आहे. निजामाचे दिवाण विकार-उल-उमरा यांनी 1884 मध्ये पाया घातला, बांधायला नऊएक वर्षं गेली. पुढे सहावे निजाम महबूब अली खान इथे पाहुणे म्हणून आले, त्यांना तो आवडला आणि महाल त्यांच्याकडे गेला. नंतर कित्येक वर्षं तो बंद पडून होता. ताजने दहाएक वर्षं खपून डागडुजी केली आणि 2010 मध्ये हॉटेल सुरू केलं. खोल्या जेमतेम 60.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसांना या वास्तूचं जे वाटतं, ते पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला वाटणार नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाची रयत होतो आणि 1956 पर्यंत हैदराबाद हीच आपली राजधानी. माझे आजोबा उर्दूत शिकलेले. जमिनीच्या तंट्यापायी हैदराबादच्या हायकोर्टात खेटे घालायचे. आमच्या घरी खासऱ्याचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे, उर्दू कागद अजून ट्रंकेत आहेत. टेकडीवरचा तो महाल आजोबांनी खालूनच पाहिलेला. आण्णांना मी जागेचं नाव सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आत जाऊ देतात का आता?"

आत नुसतं जाऊ देत नाहीत, तर मिरवत नेतात. फाटकापाशी मोटार थांबली आणि तिथून वर घोड्याच्या बग्गीतून नेलं. आई एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून बसली होती. "एवढा खर्च कशाला करालास रे?" हे तिचं रस्ताभर चालूच. पायऱ्यांवर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि ती एकदम गप्प झाली. खांद्यावरच्या दोन पाकळ्या उचलून तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या.

संध्याकाळी मुक्कामी पाहुण्यांना महाल फिरून दाखवतात. ती फेरी अजिबात चुकवू नका. 101 माणसांचं जेवणाचं टेबल आहे. एका टोकाला हळू बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं असं तिथला माणूस सांगतो. ग्रंथालयाचं लाकडी छत विंडसर कॅसलच्या धर्तीवर केलेलं. आण्णांनी तिथे कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवरची उर्दू नावं अडखळत, एक एक अक्षर लावत वाचली. आजोबांनी त्यांना लहानपणी तेवढं शिकवलं होतं. दाखवणारा तरुण थांबून राहिला, त्याने घाई केली नाही. या हॉटेलात पैसे कशाचे घेतात तर माझ्या मते याचे.

जेवणाला 'अदा' नावाचं हैदराबादी रेस्टॉरंट आहे. आई-आण्णा शाकाहारी, त्यामुळे मला काळजी होती. बगारे बैंगन आलं, आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ही तर आपलीच वांगी की!" शेंगदाणे, तीळ, खोबरं, चिंच. घराघरात होणारं कूटच ते, फक्त जास्त मऊ वाटलेलं. शेवटी खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, मागवा.

आता एकच रात्र का. फलकनुमा जुन्या शहराच्या दक्षिणेला आहे. चारमिनार जवळ, पण बिर्ला मंदिर, हुसेनसागर वगैरे पाहायचं तर अख्खं जुनं शहर ओलांडावं लागतं. खोलीपासून मुख्य महालापर्यंत चालणं बरंच आहे, मधे पायऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी आईचे गुडघे बोलायला लागले. आणि तिथल्या एका रात्रीच्या पैशात बाकीच्या ठिकाणी दोन-तीन रात्री सहज होतात. दुसऱ्या रात्री तोच महाल, तीच बग्गी. नवलाई पहिल्या दिवसाचीच असते.

काकतीय बेगमपेठेत, शहराच्या मध्यात. हुसेनसागर जवळ, तळ्यातला 18 मीटरचा एकसंध दगडी बुद्ध संध्याकाळी बघून यायला बरा. हे हॉटेल दिसायला भपकेबाज नाही, पण म्हाताऱ्या माणसांना जे लागतं ते मिळतं: लिफ्टपासून जवळची खोली मागितली तर मिळाली, रात्री साधं वरण-भात आणि दही खोलीत आणून दिलं. तिथल्या 'दक्षिण' रेस्टॉरंटमध्ये दाक्षिणात्य राज्यांचं जेवण आहे, शाकाहारी माणसाची चैन. ताज कृष्णा बंजारा हिल्सच्या रोड नंबर 1 वर. बाग छान, दिवाणखाना भारदस्त, पण आदल्या रात्री फलकनुमा पाहून आल्यावर तिथली संगमरवराची शोभा फिकी वाटते. तिथे राहायचंच असेल तर फलकनुमा वगळून दोन्ही रात्री राहा, मग ते सुंदर वाटेल.

कोहेनूर 2018 मधलं, चौघांत सगळ्यात नवं. दुर्गम चेरुवू तळ्यावरचा केबलचा पूल खिडकीतून दिसतो, खाण्यापिण्यात तर कदाचित सगळ्यात वरचढ. पण ते माधापूरला, आयटीवाल्यांच्या भागात. तुमच्या आई-वडिलांना चारमिनार, सालारजंग संग्रहालय बघायचं असणार, आणि तिथून जुन्या शहरात यायला गर्दीच्या वेळी तासाच्या वर जातो. मुलगा-सून हायटेक सिटीत नोकरीला असतील तर गोष्ट वेगळी.

पैशाचं थोडं. भाडं रोज बदलतं, म्हणून आकडा देत नाही. पण वेबसाइटवर दिसतो त्यावर कर वेगळा असतो: दिवसाला 7,500 च्या वरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी, आणि अशा हॉटेलात जेवणालाही 18 टक्केच. हिशोब आधी करून ठेवा आणि शक्य तेवढं आधीच भरून टाका, म्हणजे आई-वडिलांसमोर बिल येत नाही. फलकनुमाची रात्र आवाक्याबाहेर वाटली तर दोन्ही रात्री काकतीय घ्या आणि फलकनुमाच्या 'जेड रूम'मधल्या दुपारच्या चहाचं आधी आरक्षण करा. आरक्षणाशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत.

रेल्वेने जाणार असाल तर सिकंदराबादपेक्षा काचीगुड्याला उतरणारी गाडी बघा, जुनं शहर तिथून जवळ पडतं. गाडीने गेलात तर देगलूर-संगारेड्डी मार्गे जाऊन पुढे आउटर रिंग रोडने वळसा घाला, शहरातून घुसू नका.

आणि एक गोष्ट माझी चूक म्हणून सांगतो. याच्या आधी एकदा दुसऱ्या एका शहरातल्या महागड्या हॉटेलात (नाव लिहीत नाही) मी न विचारता खोली घेतली होती. न्हाणीघरात नुसता टब, वेगळा शॉवर नाही. आईने कधी टब पाहिलेला नव्हता. काठावर पाय ठेवून आत उतरताना ती घसरली, कोपर सुजलं, आणि दोन दिवस तिने ते माझ्यापासून लपवलं. तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी हॉटेलला फोन करून तीनच गोष्टी विचारतो: पायरी नसलेला वेगळा शॉवर आहे का, धरायला भिंतीला दांडी आहे का, आणि प्लास्टिकचं स्टूल व बादली-मग देता का. हॉटेल कितीही मोठं असो, मागितलं की बादली मिळते. फक्त आधी सांगून ठेवा, म्हणजे खोलीत पाऊल टाकताना ती तिथे असेल.